बजेट ८० हजार, सर्टिफिकेट १८ मीटरचं: पाण्याखाली कोणता कॅमेरा न्यावा?

पत्र: मी ४१ वर्षांची, सांगलीला बँकेत नोकरी करते. गेल्या वर्षी अंदमानात हॅवलॉकला स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स (१८ मीटरपर्यंतचा) केला आणि वेडच लागलं. आतापर्यंत ११ डाइव्ह झाल्यात, त्यातल्या ३ मालवणच्या. मार्चमध्ये पुन्हा हॅवलॉकला जायचंय. मागच्या वेळी एका मैत्रिणीचा गोप्रो नेला होता, पण फोटो सगळे हिरवे-निळे आणि धुरकट. मला लहान जीव जास्त आवडतात, खेकडे, न्यूडिब्रँक (समुद्रातल्या रंगीत गोगलगाई) वगैरे. पण कासव दिसलं तर त्याचा व्हिडिओही हवाच. भावाने त्याचा सोनी ए६४०० देऊ केलाय. म्हणतो, हाउसिंग (कॅमेऱ्याभोवतीची पाणी न शिरणारी पेटी) घे की झालं. डाइव्ह सेंटरवरचा एक जण म्हणाला, ऑलिंपसचा छोटा कॅमेरा घ्या. ऑफिसमधला सहकारी फोनचं पाऊच सुचवतोय. सगळं मिळून ८० हजारांच्या आत बसवायचंय. दीर दुबईला असतात, तिकडून मागवावं का?

उत्तर: पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण घोडं अडलंय ते हिरव्या-निळ्या धुरकट फोटोंपाशी. त्याचं कारण कळलं की कॅमेऱ्याची निवड निम्मी आपोआप होते, म्हणून आधी तेच घेतो.

पाणी रंग खातं, आणि सगळ्यात आधी खातं लाल. पाचेक मीटरवरच लाल मरायला लागतो, मागोमाग नारिंगी, मग पिवळा. १८ मीटरवर हात कापला तर रक्तही काळपट हिरवं दिसतं. हे बहुतेक डायव्हरना ठाऊक असतं. विसरायला होतं ते असं, की हे मीटर नुसते खोलीचे नसतात. उजेड पाण्यातून एकूण किती चालून कॅमेऱ्यात आला, ते मोजायचं. तुम्ही १० मीटरवर आहात आणि मासा तुमच्यापासून २ मीटरवर आहे, तर सूर्याचा उजेड १० मीटर खाली आणि २ मीटर आडवा, असा १२ मीटर पाणी कापून लेन्सपर्यंत पोचतो. त्यात लाल जवळजवळ उरतच नाही. जो रंग सेन्सरपर्यंत आलाच नाही तो कॉम्प्युटरवर कितीही स्लायडर ओढले तरी आणायचा कुठून? तेच तुम्ही ३० सेंटीमीटरवर गेलात आणि हातात स्वतःचा लाइट असला, तर उजेडाला जाऊन-येऊन जेमतेम ६० सेंटीमीटर पाणी लागतं. रंग शाबूत.

धुरकटपणाचंही तेच. तुमच्या आणि माशाच्या मधलं पाणी गाळ आणि प्लवंगांनी भरलेलं असतं, मालवणला तर जरा जास्तच. ते मधलं पाणी कमी करणं हा एकच उपाय, आणि तो दुकानात विकत मिळत नाही. शिवाय मास्कमधून बघताना वस्तू आहे त्यापेक्षा पाव हिश्शाने जवळ वाटते. तुम्हाला ७५ सेंटीमीटर वाटतं ते प्रत्यक्षात एक मीटर असतं. म्हणजे 'अगदी जवळून काढला' असं आपल्याला वाटत असतं, तेव्हाही आपण लांबच असतो.

तेव्हा मी कॅमेरे पारखताना दोनच गोष्टी बघतो. तो किती जवळून फोकस करतो, आणि त्याच्याबरोबर लाइट घ्यायला खिशात पैसे उरतात का. मेगापिक्सेल, सेन्सरचा आकार, फोर-के की त्याच्या वर, हे सगळं नंतर.

आता भावाचा सोनी. जमिनीवर ए६४०० उत्तम कॅमेरा आहे, वाद नाही. पाण्यात मात्र तो आत्ता तुमच्यासाठी नाकापेक्षा मोती जड. हाउसिंग तर लागेलच, पण त्यापुढे कोणती लेन्स लावणार त्यावर हाउसिंगचा पुढचा काचेचा भाग, म्हणजे पोर्ट, ठरतो. लहान जीव जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सला सपाट पोर्ट, मोठं दृश्य मावणाऱ्या वाइड लेन्सला काचेचा घुमट. पाण्यात लेन्स बदलता येत नाही. मॅक्रो लावून उतरलात की हमखास कासव येतं, आणि वाइड लावून उतरलात की बोटभर न्यूडिब्रँक. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या, घरात पडून असलेल्या किट लेन्सने ना धड हे होतं ना ते. मग मॅक्रो लेन्स, दुसरा पोर्ट, बाहेरचा फ्लॅश, तो धरायला ट्रे, आर्म, क्लॅम्प. 'हाउसिंग घे की झालं' हे वाक्य मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यातला एकही हाउसिंगवर थांबला नाही. त्यातून स्वस्त प्लॅस्टिकचं हाउसिंग घेतलं आणि पाणी शिरलंच, तर कॅमेरा भावाचा, लेन्स भावाची, आणि दिवाळीला पुन्हा त्याच्याच घरी जायचंय. ५०-६० डाइव्ह होऊ द्या, नेमकं काय काढायला आवडतं ते कळू द्या, मग या वाटेला जा.

फोनचं पाऊच स्कूबासाठी नको. स्नॉर्कलिंगला, पाण्याच्या वरच्या थरात ठीक. १० मीटरवर पाऊचमधल्या हवेचं आकारमान निम्मं होतं, प्लॅस्टिक स्क्रीनला घट्ट चिकटतं आणि टच चालेनासा होतो. कंपन्या फोनला 'वॉटरप्रूफ' म्हणतात ते काही मीटर गोड्या पाण्यात, थोडा वेळ, एवढ्यापुरतं असतं. फोनसाठी खरी डाइव्ह हाउसिंगं मिळतात, ४० ते ६० मीटरपर्यंत चालणारी, आणि त्यातून फोटोही छान येतात. पण त्याच फोनमध्ये तुमची विमानाची तिकिटं, ओटीपी आणि घरचा संपर्क असतो. तो रोज दोनदा समुद्रात न्यायचा का, ते तुम्ही ठरवा. बँकेत काम करणाऱ्या बाईला मी काय सांगणार!

गोप्रोवर मात्र तुमचा थोडा अन्याय झालाय. अ‍ॅक्शन कॅमेरा वाइड व्हिडिओसाठी बनलेला असतो. कासव दोन हातांवर आलं, पाणी स्वच्छ आणि ऊन वर असलं, तर त्याच्यासारखा सोपा कॅमेरा नाही. गोप्रो हाउसिंगशिवाय १० मीटरपर्यंत चालतो, डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन ५ प्रो २० मीटरपर्यंत, आणि डाइव्ह केसमध्ये घातले की दोन्ही ६० मीटरपर्यंत. ५ ते १५ मीटरच्या पट्ट्यात, निळ्या पाण्यात लाल फिल्टर लावला तर व्हिडिओ बराच सुधारतो. मालवणसारख्या हिरव्या पाण्यात लाल नाही, मॅजेंटा फिल्टर लागतो. आणि लाइट लावला की फिल्टर काढायचाच, नाहीतर जवळची वस्तू कुंकवासारखी दिसते. पण तुमचा जीव लहान जिवांत आहे, आणि तिथे हा कॅमेरा तोकडा पडतो. तो साधारण फूटभर अंतराच्या आत नीट फोकस करत नाही. वेगळी मॅक्रो लेन्स जोडता येते, पण ती दुधाची तहान ताकावर. तुम्ही पत्रात फक्त कासव लिहिलं असतं तर मी डीजेआय आणि एक चांगला लाइट सांगून इथेच थांबलो असतो.

डाइव्ह सेंटरवरच्या माणसाचं ऐका. तो म्हणतोय तो ऑलिंपसचा टफ, म्हणजे टीजी मालिका. २०१९ मध्ये टीजी-६ आला, २०२३ मध्ये टीजी-७. मधल्या काळात कंपनीचा कॅमेऱ्याचा धंदा ओएम सिस्टिम या नावाखाली गेला, म्हणून नव्या मॉडेलवर ऑलिंपस लिहिलेलं नसतं. दुकानात त्यावरून गोंधळू नका. सेन्सर बारका, १२ मेगापिक्सेलचा. कागदावर बघाल तर भावाच्या सोनीपुढे अगदीच गरीब. पण मायक्रोस्कोप मोडमध्ये तो लेन्सपासून १ सेंटीमीटरवरचं फोकस करतो, आणि या किमतीत ते दुसरा कुठला कॅमेरा इतक्या सहज करताना मी पाहिलेला नाही. तांदळाच्या दाण्याएवढा न्यूडिब्रँक फ्रेमभर येतो. पाण्याखालचे वेगळे मोड आहेत, रॉ फाइल (नंतर रंग सुधारायला सोपी अशी कच्ची फाइल) मिळते, खोलीवर गेल्यावर पांढऱ्या स्लेटवर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळणी, सेट करता येतो. उणी बाजू वाइडची. सपाट काचेमागून पाण्यात त्याची २५ मिलीमीटरची लेन्स ३३सारखी वागते, त्यामुळे कासव अख्खं मावायला मागे सरकावं लागतं. पुढे कधीतरी हाउसिंगच्या बाहेरून, पाण्यातच लावता-काढता येणारी वाइड लेन्स घेता येईल. 

कॅमेऱ्यावर '१५ मीटर वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं. ते वाचून हाउसिंग वाचवायचा मोह होईल. होऊ देऊ नका. तुमचं सर्टिफिकेट १८ मीटरचं आहे आणि कासवाच्या मागे जाताना कोणी आकडे मोजत नाही. पीटी-०५९ हे कंपनीचं हाउसिंग ४५ मीटरचं आहे आणि ते टीजी-६ व टीजी-७ दोघांनाही बसतं. याच कारणामुळे माझा सल्ला असा: कॅमेरा वापरलेला टीजी-६ घ्या, हाउसिंग नवं घ्या, आणि उरलेले पैसे लाइटवर घाला. दोन्ही मॉडेलांत तुमच्या कामापुरता फरक थोडा आहे. नव्याला चार्जिंगचं नवं सॉकेट आहे, उभा व्हिडिओ आहे, पण चित्र तेच. टीजी-७ अमेरिकेत ५५० डॉलरला आला होता आणि हाउसिंग त्याच्या निम्म्याच्या वर जातं. नवं-नवं घेत गेलात तर ८० हजारांत लाइटला चिल्लर उरेल, आणि लाइटशिवाय हा सगळा खटाटोप पुन्हा हिरव्या फोटोंवरच येऊन थांबतो. वापरलेला घेताना पुढच्या काचेवर ओरखडे नाहीत ना, आतून बुरशी किंवा वाफ नाही ना, बॅटरीचं दार घट्ट बसतं ना, बटणं अडकत नाहीत ना, एवढं पाहा. त्याच्या दाराच्या सीलबद्दल थोडी शंका असली तरी चालेल, कारण पाणी अडवायचं मुख्य काम हाउसिंग करणार. उलट हाउसिंगमध्ये कधी चुकून थोडं पाणी आलंच, तर सील शाबूत असेल तोवर आतला कॅमेराही पाण्याला तोंड देणारा आहे. ही दुहेरी तटबंदी सोनीला नाही.

लाइट कोणता? तुम्हाला फोटो आणि व्हिडिओ दोन्ही हवंय, म्हणून आधी एक व्हिडिओ लाइट. हजार-दोन हजार लुमेनचा, आणि पसरट झोताचा. हे पसरट महत्त्वाचं. रात्रीच्या डाइव्हला वापरतात तो अरुंद झोताचा टॉर्च घेतलात तर फोटोच्या मधोमध एक पांढरा ठिपका आणि भोवती अंधार. स्ट्रोब, म्हणजे बाहेरचा फ्लॅश, फोटोसाठी यापेक्षा सरस असतो, पण तो पुढच्या वर्षीच्या बोनसमधून घ्या. लाइट कॅमेऱ्याला चिकटवून लावायचा नाही. छोटा ट्रे आणि एक आर्म घ्या, आणि लाइट लेन्सपासून बाजूला, थोडा मागे ठेवा. तो लेन्सच्या शेजारून सरळ मारला की मधल्या पाण्यातला प्रत्येक कण उजळतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. कॅमेऱ्याच्या आतल्या फ्लॅशने हेच होतं. तो बंद ठेवा, फार तर अगदी टिचभर अंतरावरच्या जिवासाठी वापरा.

आता ओ-रिंग. हाउसिंगच्या दाराभोवती जी बारीक रबरी कडी असते तिच्यावर तुमचे सगळे पैसे उभे असतात. कुकरच्या रिंगसारखंच तिचं काम. फरक एवढाच की कुकरची शिट्टी ऐकू येते, हिची गळती येत नाही. हाउसिंग बंद करायचं काम आदल्या रात्री खोलीत करायचं, होडीवर गडबडीत नाही. एसी चालू असला तर उत्तम, आतली हवा कोरडी राहते आणि पाण्यात काचेला वाफ धरत नाही. आत सिलिका जेलची पुडी टाका. टॉवेल दूर ठेवा, त्याचे धागे सुटतात. केस बांधा. कडी बोटाच्या चिमटीत दाबून उचकटा, सुरी-पिन लावू नका. ती दोन बोटांतून हळूच फिरवा. केस, वाळूचा कण, मांजराची लव, जे काही असेल ते डोळ्यांआधी बोटाला कळतं. खाचेतून कोरड्या सुती कापडाची कडा फिरवा. मग कंपनीच्याच ग्रीसचा मुगाएवढा थेंब, कडीवर नुसती चकाकी येईल इतका. ग्रीस पाणी अडवत नाही, ते कडीला जागेवर सरकायला मदत करतं. जास्त लावलं तर कचराच धरून ठेवतं. व्हॅसलिन किंवा खोबरेल तर मुळीच नको. दार लावल्यावर दिव्यासमोर धरून कडेने एक फेरी नजर फिरवा: कडी सगळीकडून सारखी दबलेली दिसली पाहिजे. नवं हाउसिंग पहिल्या डाइव्हला रिकामं न्या, आत टिश्यू पेपर ठेवून. वर येऊन टिश्यू कोरडा, तर दुसऱ्या डाइव्हला कॅमेरा आत. डाइव्हनंतर गोड्या पाण्यात बुडवून सगळी बटणं दाबा म्हणजे खालचं मीठ निघेल, पण सेंटरवरच्या सगळ्यांच्या टबात तो सोडून चहाला जाऊ नका. वरून दुसऱ्याचं धूड येऊन आदळतं.

मार्चला तुमच्या डाइव्ह अकराच असतील, त्यामुळे हेही बोलायला हवं. हातात कॅमेरा आला की नजर स्क्रीनवर जाते, आणि हवा, खोली, बडी (डाइव्हचा जोडीदार), तिन्हींचा विसर पडतो. सहलीची पहिली डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय करा, वजन आणि तरंगणं जुळवून घ्या. कॅमेरा बीसीडीला (तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटला) गुंडाळी दोरीने अडकवलेला असू द्या, म्हणजे दोन्ही हात कधीही मोकळे करता येतील. तुमच्या गाइडला आधीच सांगून ठेवा की हळू जायचंय. हॅवलॉकच्याच नेमो रीफसारखी उथळ, शांत जागा शिकायला बरी. डिक्सन्स पिनॅकलला प्रवाह असला तर कॅमेरा होडीवर यजमानांच्या मांडीवर ठेवून जा.

आणि न्यूडिब्रँक सापडला की? थांबा. खाली प्रवाळ आहे का ते आधी बघा. वाळू किंवा मोकळा खडक असेल तरच खाली सरका, नाहीतर तो फोटो सोडून द्या. प्रवाळाला टेकून काढलेला फोटो कोणी कितीही वाखाणला तरी माझ्या लेखी रद्द. आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, हे वेगळंच. वरून काढू नका, वरून तो डागासारखा दिसतो. त्याच्या पातळीला या, डोक्यावरच्या दोन शिंगांच्या बाजूने. फोकस त्या शिंगांवर. अगदी १ सेंटीमीटरवर गेलात तर हाउसिंगची सावलीच त्याच्यावर पडेल, म्हणून थोडं झूम करून चार बोटं मागे राहा आणि लाइट बाजूने येऊ द्या. फोटो हलतो म्हणून श्वास रोखू नका. काही फोटोग्राफर रोखतात. त्यांचं बघून शिकू नका. श्वास रोखून एखाद-दोन मीटर वर सरकलात तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. सावकाश सोडा आणि सोडता सोडता बटण दाबा. पाच-सहा फोटो काढून पुढे व्हा. मागे कोणीतरी वाट बघत असतं, आणि त्या जिवालाही लाइट डोक्यावर नको असतो.

घेण्याआधी एक दिवस भाड्याने मिळतो का ते तुमच्या सेंटरला विचारा. बऱ्याच ठिकाणी टीजी भाड्याने देतात. हातात धरून बटणं पोचतात का, उन्हात स्क्रीन दिसते का, हे व्हिडिओ बघून कळत नाही.

दुबईचं म्हणाल तर हाउसिंग दिरांकडून मागवायला हरकत नाही, तिकडे डायव्हिंगची दुकानं चांगली आहेत. मात्र बिल घ्यायला सांगा, वॉरंटी भारतात चालते का ते विचारायला सांगा, आणि खोक्यावरचा मॉडेल नंबर फोटो काढून पाठवायला सांगा. जुन्या टीजीची हाउसिंगं दिसायला तशीच असतात, पण सगळीच टीजी-६ला बसतात असं नाही. त्याच ऑर्डरीत दोन जादा ओ-रिंगा, ग्रीसची ट्यूब आणि दोन जादा बॅटऱ्या टाका. या किरकोळ वस्तू हॅवलॉकला ऐन वेळी मिळतीलच असं नाही. विमानात सुट्या बॅटऱ्या आणि लाइटची बॅटरी केबिन बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून ठेवायच्या. आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी धरा, कॅमेरा असो वा नसो.